बाबांचा प्रोसेसर

शलाकाचा जुना गेमिंग कॉम्प्युटर हल्ली नेहमीच्या खेळातले रस्तेही विसरू लागला होता. नवा प्रोसेसर टाकावा की अजून थोडं थांबावं, हे विचारायला ती तो घेऊन तांबोळींच्या दुकानात गेली.

तांबोळींनी झाकण उघडलं आणि रक्तापासून वाढवलेल्या मेंदूपेशींचा तो प्रोसेसर तपासला.

“रक्त कोणाचं दिलं होतं?”

“बाबांचं. मी तेव्हा शाळेत होते, म्हणून माझं घेतलं नाही.”

तांबोळींनी झाकण हळूच पुन्हा लावलं. “प्रोसेसर काय, केव्हाही बदलून देईन. पण यंत्रात या पेशी माणसापेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात. यांना विस्मरणाचा आजार लागलाय, बेटा. पुढेमागे तो बाबांनाही होणार.”

“औषध असेल ना त्यावर?”

“अजून तरी नाही.”

घरी बाबा वाटच पाहत होते. “काय म्हणाले? बदलायचा का?”

“इतक्यात नको म्हणाले,” ती खोटं बोलली.

“अगं, थांबायचं कशाला? माझं रक्त पुन्हा देतो. नवा वाढवून घेऊ, एकदम ताजा!” बाबांनी उत्साहाने शर्टाची बाही वर सारली.

शलाकाने ती हलकेच खाली ओढली.