पहिला आवाज

चिपचा हिरवा दिवा लागला आणि बाळाने भोकाड पसरलं.

"ओ ओ ओ, झालं हं, झालं राजा," मालनताई सवयीने बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

बाळ गप्प झालं होतं.

बावीस वर्षं त्या तान्ह्या बाळांचे कान तपासत होत्या. पूर्वी ऐकू येत नाही असं निघालं, की आईच्या हातात नुसता कागद द्यायचा. आता तिसऱ्याच दिवशी कानामागे चिप बसवत. ती सुरू झाल्यावर कानावर पडलेला पहिला आवाज बाळाला जन्मभर सगळ्या गोंगाटातून सर्वांत जवळचा वाटे. तो पुसता येत नसे. म्हणून दिवा लागला, की आईला आत बोलवायचं आणि तोवर खोलीत कुणी ब्रही काढायचा नाही.

काचेपलीकडे बाळाची आई हेमांगी चिठ्ठीवर लिहून आणलेलं वाक्य पाठ करत होती. मालनताईंनी दोनदा कडी धरली, दोनदा सोडली. सांगावं का तिला? शेवटी मुकाट्याने त्यांनी दार उघडलं.

हेमांगी बाळावर वाकली. "सोन्या, मी आई. तुझी आई."

बाळ पुन्हा रडायला लागलं. ती परत परत तेच म्हणत राहिली.

"ताई, याला ऐकू येतंय ना? माझं काही चुकलं का?"

मालनताईंनी ओठ घट्ट मिटले होते. पण तिच्याकडे बघवेना.

"नाही गं," त्या म्हणाल्या, "तुझं काहीच चुकलं नाही."

बाळ एकदम शांत झालं.