जिवलीचं पाठांतर

“अजून एक ओळ वाच,” जिवली म्हणाली आणि तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

रेश्माने बायबल, घरात त्याला शास्त्रच म्हणत, दाराकडे वळवून उजेडात धरलं. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली त्याची बारीक अक्षरं तिला अलीकडे लागतच नव्हती, म्हणून सकाळचं वाचन उंबऱ्यापाशी बसून चालायचं. तिने ओळ वाचली. जिवलीने सुपातले तांदूळ पाखडले आणि ओळ म्हटली. पुन्हा पाखडले, पुन्हा म्हटली. पाचव्या खेपेला कोंडा उडालेला असायचा आणि ओळ तोंडात बसलेली. हाताला काम नसलं की सासूच्या डोक्यात शब्द टिकत नसत.

साठी ओलांडलेल्या जिवलीला अक्षरओळख नव्हती. मुरबाडकडच्या त्या पाड्यावर ख्रिस्ती घरं पाच-सहाच. दर रविवारी भगीरथच्या पडवीत प्रार्थना व्हायची. तो वाचायचा, बाकीचे ऐकायचे. तीस वर्षं जिवलीचं तेवढ्यावर निभावलं होतं. पण गेले दोन महिने ती हात धुऊन सुनेच्या मागे लागली होती. आधी रोज एक वचन, मग तीन, आता तर आख्खी स्तोत्रं. “तुला कंचं आवडतं?” असं विचारायची आणि रेश्मा सांगेल तेच पाठ करायला घ्यायची. कौतुक वाटावं अशीच गोष्ट, पण रेश्माला ती घाई खुपत होती.

घाई कधी सुरू झाली ते तिला पक्कं ठाऊक होतं. जिवलीचा खोकला हटेना म्हणून तिघं शहापूरच्या दवाखान्यात गेले होते. तिथे डोळेही तपासत होते. आलोच आहोत तर चष्म्याचा नंबर काढून घे, असं रेश्माला तिचा नवरा ओमकार म्हणाला. डोळ्यांत औषध घालून डॉक्टरांनी तिला तपासलं आणि बाहेर बाकड्यावर बसायला सांगितलं. मग मायलेक आत गेले, ते अर्ध्या तासाने बाहेर आले. रेश्माला सगळं धूसर दिसत होतं, पण नवऱ्याचा आवाज बसलाय हे तिला कळलं. काय झालं विचारलं, तर आईला गोळ्या दिल्यात आणि तुला नवा चष्मा, एवढंच उत्तर मिळालं. परतीच्या एस.टी.त जिवलीने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

तेव्हापासून रेश्माचा जीव थाऱ्यावर नव्हता. खोकला कमी झाला होता, पण सासू तो पदरात दाबते असा तिला संशय यायचा. शिवाय जिवलीने नाना उद्योग काढले होते. सांजेला विहिरीवरून पाणी आणायचं काम तिने सुनेकडून काढून घेतलं. अंगणात वर आलेले दगड पहारीने उपटून काढले. डबे एका रांगेत लावले आणि त्यांची जागा कुणी बदलायची नाही असा दम भरला. शेजारची हिरी म्हणाली, जाणारं माणूस अशीच मागची आवराआवर करतं.

तिने ओमकारला एकटं गाठलं. तो कारखान्यात निघाला होता.

“ती सांगंल ते वाच,” बुटाची नाडी बांधत तो म्हणाला. “तिचं पाठांतर थांबवू नको.” त्याने मान काही वर केली नाही.

त्या रविवारी जिवली भगीरथच्या पडवीत उभी राहिली आणि एक लांबलचक स्तोत्र तिने एकदाही न अडखळता म्हटलं. माणसं थक्क झाली. भगीरथ म्हणाला, पुस्तकाला वाळवी लागते, तोंडातल्या वचनाला लागत नाही. आपण स्वतः मागे दोन महिने अंथरुणाला खिळून होतो तेव्हा पाठ होतं तेवढंच सोबतीला आलं, असंही त्याने सांगितलं. सगळे मान डोलावत होते. रेश्मा तेवढी रडू आवरत बसली होती. अंथरूण म्हटल्याबरोबर तिला सासूच दिसली. तिची स्वतःची आई ती चौथीत असताना गेली होती. त्यानंतर तिला आई म्हणायला मिळाली ती जिवलीच. दुसऱ्यांदा पोरकं व्हायची तिची तयारी नव्हती.

सोमवारी सकाळी जिवलीने सूप घेतलं आणि आज मोठं स्तोत्र घेऊ म्हणाली. रेश्माने शास्त्र मिटून मांडीवर ठेवलं. आज वाचणार नाही, आधी खरं काय ते कळलं पाहिजे, असं तिने बजावलं.

“लपवू नका, आई,” ती म्हणाली. “डॉक्टरनी किती टाइम सांगितलाय?”

सूप थांबलं. अंगणात कोंबड्या कोंडा टिपत होत्या.

“तुला कोन बोलला?”

“कोनी नाय. मला समजत नाय काय?”

“दोन वरसं,” जिवली हळूच म्हणाली. “लई तर तीन.”

रेश्माचा बांध फुटला. इतके दिवस ती हेच ऐकायची भीती बाळगून होती. ती सासूच्या कुशीत शिरली आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. जिवली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“मंग पाठ कशाला करता?” रडता रडताच रेश्मा म्हणाली. “जिवाला त्रास कशाला? मी हाय ना. शेवटपरेंत रोज वाचून दाखवीन तुमाला.”

जिवलीने पदराने तिचे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा.

“शेवटपरेंत तू नाय वाचनार गो. मी म्हनीन नि तू ऐकशील,” ती म्हणाली. “ती दोन वरसं माजी नाय. तुज्या डोळ्यांची हायत.”