नकाशांची खोली

बाकात शिरलेले गुडघे आता बाहेर निघतील असं त्याला वाटेना. बाक दहा वर्षांच्या मुलांसाठी केलेला, आणि तो सत्तरी ओलांडलेला.

"आजोबा, जोर लावू नका," शेजारचा गवंडी म्हणाला. "भिंत असती तर मी पुन्हा बांधून दिली असती. लाकडाचं काम आपल्याला येत नाही."

वर्ग हसला. रविवारी सकाळी शाळा रिकामी असायची, म्हणून मोठ्या माणसांचा अक्षरवर्ग तिथे भरायचा. बाकीचे सहाजण कामासाठी लांबून आलेले आणि आयुष्यात पहिल्यांदा पाटी धरलेले. त्याचं तसं नव्हतं. त्याच्याकडे अक्षरं होती, ती गेली. हिवाळ्यात मेंदूत गुठळी झाली. चालणं राहिलं, बोलणं राहिलं, लिहिणंसुद्धा राहिलं; वाचणं तेवढं पुसलं गेलं. स्वतःच्या हाताने सुरेख अक्षरात लिहिलेली ओळ पुढच्या क्षणी मुंग्यांची रांग होऊन जायची. डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या अक्षरापासून सुरू करा.

मुलीने मुदत घातली होती. दीड महिन्यापूर्वी त्याने खोकल्याचं औषध समजून सांधेदुखीचं तेल दोन चमचे पोटात घेतलं आणि तीन दिवस इस्पितळात काढले. तेव्हाच ती म्हणाली होती, सहा आठवड्यांत औषधाच्या बाटलीवरचं वाचता आलं तर खुशाल एकटे राहा. नाही तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे चलायचं. तिच्याकडे म्हणजे दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर. त्याच्या घरात बायकोने लावलेलं लिंबाचं झाड होतं, तिची देवांची फळी होती. ते सोडून जायचं म्हणजे बायकोला दुसऱ्यांदा स्मशानात पोचवून यायचं, असं त्याला वाटे.

आज मुदतीचा शेवटचा रविवार होता.

त्याने दुसरा एखादा वर्ग बघ म्हणून विनवलं होतं. जवळपास दुसरा वर्गच नव्हता. "तुमचीच तर शाळा आहे, बाबा," मुलगी म्हणाली होती. "लाज कसली?"

लाजेचं नाव निघाल्यावर त्याने तो विषय सोडून दिला. वर्गाच्या दारातून व्हरांडा दिसायचा आणि व्हरांड्यापलीकडे नकाशांची खोली.

तो या शाळेत होता त्या काळी या वर्गात ज्याला वाचता यायचं नाही, त्याची रवानगी त्या खोलीत व्हायची. गुंडाळलेले नकाशे, फुटका पृथ्वीगोल, खिडकी नाही. बाहेरून कडी बसायची ती धडा संपेपर्यंत. कधीकधी शाळा सुटेपर्यंत. मग दारावर तळहात आपटायचे. "वाचवा, वाचवा."

"वाचवा नव्हे," बाहेरून उत्तर जायचं. "वाच."

त्यावर अख्खा वर्ग हसायचा. मधल्या सुट्टीत पोरं तेच वाक्य एकमेकांना म्हणून दाखवायची.

हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण देवापुढे हात जोडून डोळे मिटले की नामाच्या आधी ती कडी वाजायची, आणि मग नाम काही केल्या ओठावर येत नसे.

वर्ग घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्याला त्या कधी नावाने हाक मारत नसत, आजोबाही म्हणत नसत, नुसतं "तुम्ही." वर्गाचं दार त्या कधी लावत नसत. वारा सुटला तर खुर्ची टेकवून उघडं ठेवत. कुणी अक्षरापाशी अडलं की म्हणत, "घाटात गाडी दमते. दमू द्या. आपल्याला कुठे वेळेवर पोचायचंय?"

त्याला मात्र आजच पोचायचं होतं. मुलगी ती तेलाची बाटली घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

बाटली त्याच्यापुढे आली. कागदावर मुंग्याच मुंग्या. त्याने डोळे ताणले, मान वाकडी केली, घाम पुसला. गवंड्याने कानाशी येऊन सांगितलं की तोंडाला येईल ते ठोकून द्या, वर्गात कुणाला वाचता येतंय. कुणी हसलं नाही. गुडघे बाकात, छाती बाकाच्या कडेला. उठून पळायलाही जागा नव्हती.

बाईंनी बाकीच्यांना सोडलं आणि त्या त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"डोळे राहू द्या," त्या म्हणाल्या. "बोटाने गिरवा. तुमच्या हाताला सगळं आठवतंय."

त्याने बोट कागदावर टेकवलं. वळण घेतलं, पुन्हा घेतलं. हाताने आधी ओळखलं, मग जिभेने.

"फ," तो म्हणाला. "फक्त."

किती वेळ गेला कुणी मोजला नाही. मुलगी दारातून हलली नाही. एकेक अक्षर विहिरीतून ओढल्यासारखं वर येत होतं.

"फक्त... बाहेरून... लावण्यासाठी."

मुलीने पदर डोळ्यांना लावला. एवढंच म्हणाली की नवऱ्याला फोन करून कळवते, बाबा इथेच राहणार. आणि घाईघाईने फाटकाकडे गेली.

त्याचं बोट मात्र कागदावरच राहिलं. मागे जाऊन त्याने शेवटचे दोन शब्द पुन्हा गिरवले. मग पुन्हा.

बाईंनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"कडीसुद्धा तुम्ही बाहेरूनच लावायचात, सर," त्या म्हणाल्या. "आत मी असायचे."