पेंढ्याचं हरीण

अमिरातीतल्या अल ऐनजवळच्या वाळवंटात लियाकत शिकारी सलुकी कुत्र्यांकडून शर्यतीचा सराव करून घ्यायचा. कुत्र्यांनी हरणाची शिकार करायला कायद्याने बंदी आहे. म्हणून तो पिकअपमागे दोराने पेंढा भरलेलं हरीण ओढायचा आणि कुत्रे त्याच्या मागे धावायचे.

त्या सकाळी कुत्र्यांच्या तपासणीला आलेली जनावरांची डॉक्टर कशफ त्याच्या रत्नागिरीकडचीच होती. कुत्रे अजून सोडायचे होते. लियाकतने पेंढ्याचं हरीण ओढत नुकत्याच मारलेल्या फेरीच्या खुणांपाशी ती वाकली.

"चाचा, खरं सांगा. जिवंत हरीण वापरता?"

"तौबा. माझा व्हिसा जाईल."

"मग हे खूर कुणाचे?"

चाकांच्या दोन पट्ट्यांमधून नाजूक खुरांची रांग गेली होती. काही फरफटत नेल्याची खूण कुठेच नव्हती. लियाकत बघतच राहिला. रोज कुत्र्यांच्या पायांनी इथली वाळू उधळलेली असायची, त्यामुळे असं काही त्याला कधी दिसलंच नव्हतं.

"बसा गाडीत," तो म्हणाला. "तुमच्यासमोर ओढून दाखवतो."

सुरुवातीला दोर ताणला गेला. मग गाडी एकदम हलकी झाली. लियाकतने आरशात पाहिलं. दोर सैल पडून वाळूवर लोळत होता आणि हरीण तरीही मागे येत होतं. त्याने ब्रेक दाबला.

दोघं उतरून मागे गेली. हरीण कुशीवर पडलं होतं. पोटाची शिवण शाबूत होती, काचेचे डोळे उघडे होते. कशफने कुतूहलाने त्याच्या बरगड्यांवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"काय झालं, डॉक्टर?"

"चाचा, आज कुत्रे सोडू नका," ती हळूच म्हणाली. "हे फार दमलंय."