एकाच बॅटरीवर

चौथा बल्ब जोडला तसे चारही मंद झाले.

"असं का झालं?" स्टीफन सरांनी विचारलं. सातवीचा वर्ग टेबलाभोवती दाटला होता. सेल जुना होता, बल्ब टॉर्चमधले.

"सेल तोच, खाणारी तोंडं वाढली," प्रिस्किला म्हणाली. पोरं हसली.

"बरोबर बोलली. आता एक तोंड कमी कर."

तिनं एक तार सोडवली. उरलेले तीन बल्ब थोडे उजळले.

तेवढ्यात पंखा थांबला. ऑफिसमधल्या इन्व्हर्टरची शिट्टी वाजली आणि तीही बंद झाली. शेजारच्या आरोग्य उपकेंद्रातून सरलाबाई सिस्टर पावसातच धावत आल्या. नवापूरच्या या डोंगरातल्या गावात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण घाबरल्या की त्यांच्या तोंडी तापीकाठची अहिराणीच यायची.

"सर, वाफेचं मशीन बंद पडी गयं! गंगीबाईना नातूले श्वास लेता येई नही ऱ्हायना!"

घाटात झाड पडून तारा तुटल्या होत्या. परवापासून शाळा आणि उपकेंद्र दोन्ही शाळेच्या छपरावरच्या सोलरवर चालू होतं. आभाळ मात्र सारखं भरलेलं. बॅटरीत फारसं काही उरलं नव्हतं. पोराला न्यायला ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण घाट चढून यायला तिला वेळ लागणार होता.

"सगळी बटणं बंद करा," सर पोरांना म्हणाले. "प्रत्येक खोलीत जा. पळा!"

"सर, बंदच पडलंय की सगळं," एक जण म्हणाला.

"बटण चालूच आहे ना? वीज आली की पहिला घास तेच घेईल."

पोरं पळाली. पंखे, दिवे, पाण्याचं मशीन, कॉम्प्युटर. पहिलीच्या वर्गात लहानगी टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर आशेनं बसली होती. प्रिस्किलानं पिन काढली तेव्हा एकानं भोकाड पसरलं. ती थांबली नाही.

सरांनी इन्व्हर्टर चालू केला. भिंतीपलीकडून मशीनची घरघर आली. सगळ्यांनी कान टवकारले. घरघर थांबली. पुन्हा शिट्टी, पुन्हा लाल दिवा.

"अजून कोण खातंय?" सर कपाळ चोळत म्हणाले.

प्रिस्किला व्हरांड्यात आली आणि तिला दिसलं. खिडकीतून बाहेर काढलेल्या लांब बोर्डावर अख्ख्या गावाचे मोबाईल लटकत होते. त्यांच्यापाशी दलपत उकिडवा बसला होता.

"दलपतकाका, बोर्ड काढावा लागेल."

"एकेक फोन केवढासा खातो, पोरी?"

"एकेक थोडंच खातो, काका. पण बघा किती आहेत."

दलपत उठला नाही. "माझ्या लिडियाला सुरतेत बाळंतपणाला नेलंय. जावयाचा फोन येईल आता. माझा बंद पडलेला आत्ता कुठे चालू होत होता."

पलीकडून पोराचा श्वास ऐकू येत होता. फुटक्या पाव्यात कुणी फुंकर घालावी तसा. दलपतनं तो ऐकला. त्यानं खिडकीतून हात घातला आणि बोर्डाची पिन स्वतःच उपटली.

"सर, आता लावा!" प्रिस्किला ओरडली.

घरघर सुरू झाली. या वेळी ती थांबली नाही.

"चाली ऱ्हायनं, सर! चाली ऱ्हायनं!" सिस्टरांचा आवाज आला.

अंधारलेल्या शाळेत पोरं बसून राहिली. घामानं शर्ट पाठीला चिकटले, पण बटणाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं पलीकडून पोराचं रडणं आलं, चांगलं मोठ्यानं.

"रडू द्या त्याले," सिस्टर कुणाला तरी सांगत होत्या. "रडाइतला श्वास येई ऱ्हायना, हाई चांगलंच शे."

गाडी येईपर्यंत पोर शांत झालं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पण गंगीबाई त्याला कडेवर घेऊन आधी शाळेच्या दारात आली.

"कुणामुळे वाचला माझा नातू?" तिनं सरांना विचारलं.

"ही सगळी अंधारात बसली, म्हणून."

गंगीबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती पहिल्या बाकाशी गेली. "तुझं नाव काय, बाय?"

"प्रिस्किला."

"ही प्रिस्किला," तिनं नातवाच्या कानात सांगितलं. मग पुढच्याला विचारलं, त्याचंही नाव कानात सांगितलं. असं करत ती प्रत्येक बाकाशी थांबली. वर्गात कुणी हसलं नाही. आपली पाळी आली की पोरं उठून उभी राहत होती.

व्हरांड्यात दलपत बंद फोन हातात धरून उभा होता. तिनं त्याला नाव विचारलं नाही. नातवाचं तोंड त्याच्याकडे वळवलं.

"हा दलपत," ती म्हणाली. "याच्याही घरी आज कुणीतरी येतंय."

पोरानं एक लांब श्वास घेतला आणि दलपतची मिशी धरली.