सड्यावरची हिरवळ

माणसं सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर, चढून येत होती. कुणाच्या अंगावर घोंगडं, कुणाच्या काखेत पोर. खाली कोयनानगरकडची घरं पहाटेच्या भूकंपात बसली होती. छपराखाली जायची आता कुणाची छाती होत नव्हती.

मेजर नाथाजी त्यांना जागा दाखवत होते. पहाटे नेहमीसारखे वर फिरायला आले, म्हणून ते वाचले. धावत खाली गेले तेव्हा घराच्या जागी दगडांचा ढीग होता. ढिगात बायकोचा, लीलाबाईंचा हात लागला. तो गार होता. केरबा माळ्यानं त्यांना खांद्याला धरून उठवलं, भिंती अजून पडतायत, तुम्ही वर चला, बाईंना आम्ही आणतो म्हणाला. ते मुकाट्यानं वर आले.

सड्यावरचं गोल्फचं मैदान त्यांनीच आखलं होतं, महायुद्धाच्या काळात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाहिलेलं, तसं. झाड लावायचं नाही, जमीन सपाट करायची नाही. उंचवटे, खळगे आहेत तसे ठेवायचे आणि वाऱ्याला मोकळं सोडायचं. मेंढरं वारा चुकवून बसायची तिथंच त्यांनी वाळूचे खड्डे केले होते. आता त्या खड्ड्यांत बाळंतिणी आणि म्हातारी माणसं बसली होती. इथं वारा लागेल, तिथं लागणार नाही, असं नाथाजी एका सुरात सांगत होते.

सारवल्यासारखी सपाट जागा एकच, चेंडू घालायच्या भोकात रोवलेल्या झेंड्याभोवतीची हिरवळ. केरबा तिला घागरीनं पाणी घालायचा. तिच्यावर अजून कुणी पाय ठेवला नव्हता.

केरबा आणि तिघे जण लीलाबाईंना बाजेवर घालून घेऊन आले. कुठं टेकवू, असं केरबानं विचारलं. नाथाजींनी हिरवळीकडं हात केला. झेंडा उपसून बाजूला टाकला. लीलाबाईंचा पदर नीट केला. रडू आलं नाही. हात दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे चालत होते.

बाकीचे गेले. केरबा घुटमळला. नाथाजींनी त्याला घरी जायला सांगितलं. बायको, मनुबाई, एकटी असेल, तिला धीर दे, म्हणाले.

"घर न्हाई ऱ्हायलं, सायब," केरबा म्हणाला. आवाज रोजच्यासारखाच होता. "मनूला खाली वाटंवर ठिवलीया. तिलाबी हितं आनली तर चालंल का?"

 नाथाजी त्याच्या आधी उतार उतरले, आणि घोंगड्यात गुंडाळलेल्या मनुबाईला त्यांनी डोक्याकडून उचललं.