चारशे रुपयांचा रंग

“चारशे रुपये? मोटार रंगवली की नवी घेतली?” सुलोचनाबाई ओसरीवरूनच ओरडल्या.

डॉक्टर प्रभाकरराव नुसते बाजूला झाले. मागे अंगणात मोटार उभी होती. बाईंनी एकदा लांबून पाहिलं, मग पायऱ्या उतरून जवळ जाऊन पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ही आपली मोटार? लढाईच्या आधीची, दोन मालक होऊन गेलेली? जिच्या काळ्या रंगाचे पोपडे उडाले होते आणि जिचं एक दार दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, पिवळं होतं, ती? आता बघावं तर गडद अंजिरी रंग, आणि त्यात बाईंना आपल्या नाकातली चमकी दिसत होती. “अगं बाई!” एवढंच त्या म्हणाल्या.

भैयाजी मिस्त्रीने काम चोख केलं होतं, त्यात वाद नाही. जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडला, पोचे ठोकून काढले, उरलेल्या खाचांत पुटीन भरून घासलं, आणि पंपाने रंगाचे हात दिले, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. “एवढ्यात बैलजोडी आली असती,” असं बाई पुढे दोन दिवस म्हणत राहिल्या. पण शेजारणींना हाका मारून मोटार दाखवलीही त्यांनीच.

प्रभाकररावांना ही हौस उगाच आली नव्हती. हिंगणघाटच्या एका गिरणीत डॉक्टर नेमायचा होता. पक्की नोकरी, वर राहायला बंगला. ती जागा त्यांना हवी म्हणजे हवीच होती. पन्नाशी जवळ आली, तरी दर शुक्रवारी वर्ध्याहून हिंगणघाटपर्यंत धूळ खात फेरी, आणि वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर कोणी ना कोणी बैलगाडी आडवी घालून उभं! आतल्या खेड्यांतल्या लोकांनी डॉक्टरचं तोंडही पाहिलेलं नसे. त्यांना एवढंच ठाऊक, की काळी मोटार, पिवळं दार, ती दिसली की अडवायची. फी म्हणून कधी वांगी, कधी नुसता रामराम. आणि मागच्या खेपेला त्या गिरणीच्या चौकीदाराने तर कहरच केला. “ए भंगारवाला, पीछे से!” म्हणून फाटकातच हाकललं. ते शब्द डॉक्टरांच्या फार जिव्हारी लागले होते.

शुक्रवारी सकाळी ते कोट घालून, काळा चष्मा लावून निघाले. औषधांची पेटी मागे डिकीत टाकली. गाडी काय पळत होती! इंजिन तेच, पण नव्या रंगाने त्यालाही चेव आला असावा. एका फाट्यावर बैलगाडी रस्त्यात आडवी दिसली आणि डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. आजच मेलं कोण आडवं आलं? पण काय नवल! मोटार दिसताच गाडीवाल्याने घाईघाईने बैल कडेला ओढले, मुंडासं काढलं आणि कमरेत वाकून हात जोडले. गाडीत मांडीवर काहीतरी घेऊन बसलेल्या बाईनेही पदर पुढे ओढला. इतक्या वर्षांत या रस्त्यावर असा मान त्यांना कोणी दिला नव्हता. त्यांनी खिडकीतून ऐटीत हात हलवला. चारशे रुपये वसूल झाले, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

गिरणीतही तेच. चौकीदाराने सलाम ठोकला. मॅनेजर बाहेर येऊन मोटारीभोवती फिरले आणि चहा संपायच्या आत म्हणाले, “पहिल्या तारखेपासून या, डॉक्टर.” प्रभाकरराव परत निघाले ते गुणगुणतच. आज दिवसभरात वाटेत एकानेही त्यांना अडवलं नव्हतं. सुटलो बुवा या फाट्यांतून, असं ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले.

उन्हं कलली तेव्हा इंजिनातून वाफा यायला लागल्या. पाणी पाहिजे होतं. पुढे सकाळचाच फाटा होता आणि ती बैलगाडी अजून तिथेच उभी होती. डॉक्टरांनी मोटार तिच्याजवळ नेऊन थांबवली.

गाडीवाला धावतच आला. रामाजी त्याचं नाव. आपल्या मडक्यातलं होतं नव्हतं तेवढं पाणी त्याने इंजिनात ओतलं. मग चाचरत विचारलं, “सायेब, वाटेत तुमाले डाक्टरची मोटार दिसली काय? काळी आहे, दार पिवळं. सकाळपासून बसून आहो आमी. पोरीचं आंग नुसतं भाजून राह्यलं होतं. शुक्रवारी येतातच ते. आज काऊन नाई आले, काई समजत नाई.”

डॉक्टर दार उघडून खाली उतरले. “अरे, पण सकाळी मी गेलो तेव्हा...”

“तवा तुमच्यासाठीच तं गाडी बाजूले घेतली ना सायेब. मोठ्या मानसाच्या मोटारीले आडवं कसं जावं?”

प्रभाकरराव बैलगाडीकडे धावले. चष्मा पडला तो त्यांनी उचललाही नाही.

“हळू या, बाप्पा,” रामाजीची बायको भागीरथा कुजबुजली. “आत्ताच निजली. लय कन्हत होती, आता गप पडली.”

त्यांनी ते चिमुकलं मनगट हातात घेतलं. गळ्याला बोटं लावली. छातीला कान लावला. अंग गार पडलं होतं आणि छातीत काहीच वाजत नव्हतं. मी डॉक्टर आहे, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, पण ते मनगट हातात धरून ते तसेच उभे राहिले.

मागे रामाजी हात जोडून उभा होता. “तुमी खाली उतरून पाह्यलं, लय उपकार झाले सायेब,” तो म्हणाला. “आता वाटेत डाक्टर भेटले तं त्याईले सांगजा, घाई करू नका म्हनाव, रामाजीच्या पोरीचा ताप उतरला.”